आईचा टेंपर

आईने शेवटचं भांडण गॅसवाल्याशी केलं. ते शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ती विपश्यनेच्या शिबिराला जाणार होती. पलंगावर तिच्या पांढऱ्या साड्यांच्या घड्या होत्या आणि दारात सिलिंडर आला होता, त्याचं सील सुटलेलं. गॅसवाला म्हणाला, वजन करून दाखवतो, काटा खाली गाडीत आहे. आई म्हणाली, मग काटा वर आण. आमची विक्रोळीची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही सगळ्यांत वर. तो काटा आणायला गेला नाही, सिलिंडरच खांद्यावर टाकून खाली निघाला, आणि प्रत्येक मजल्यावर आईचा आवाज त्याच्याबरोबर उतरत गेला. आमच्या खाली सोसायटीचे सेक्रेटरी माणिककाका राहतात. त्यांनी दार उघडलं, वर पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. पाण्याच्या टाकीवरून त्यांचा नंबर नुकताच लागून गेला होता.

मी घरून काम करत होते. अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी मी परदेशी कार्यक्रमांची मराठी सबटायटल्स लिहिते. त्या आठवड्यात माझ्या फाइलींमध्ये ‘टेंपर’ हा शब्द सारखा आडवा येत होता. एका मालिकेतल्या बापाचा टेंपर दर दोन प्रसंगांनी जायचा. दुसरीत एक वकीलबाई आपल्या साहेबाला सांगत होती की तुमची भाषा जरा टेंपर करा, म्हणजे सौम्य करा. स्वयंपाकाच्या स्पर्धेत चॉकलेट टेंपर करत होते, म्हणजे चकाकी यावी म्हणून बेताच्या आचेवर ढवळत होते, आणि त्याच स्पर्धेत एका गुजराती मुलीने डाळ टेंपर केली, म्हणजे फोडणी दिली. राग, राग आवरणं, चकाकी, मोहरी, सगळं एकाच शब्दात. मी वैतागून आईला हे सांगितलं. ती अजून जिन्याकडे तोंड करून उभी होती.

“एवढ्याशा शब्दाला पगार देतात होय तुला?” ती म्हणाली. “राग लिही आणि मोकळी हो.”

“सगळीकडे राग नाही चालत गं. चॉकलेटला कसा येईल राग?”

“का नाही येणार? एखाद्या बाप्याने ढवळलं तर येईल.”

पप्पा पेपरामागे हसले. टेंपर हा आमच्या घरातला जुना शब्द होता आणि तो त्यांनीच आणलेला. निवृत्त होईपर्यंत ते साकीनाक्याला एका कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडाचा पार्ट लालभडक तापवून तेलात बुडवला की तो कडक होतो, पण काचेसारखा. हातातून पडला तरी तुकडे. म्हणून तो पुन्हा कमी आचेच्या भट्टीत ठेवायचा. त्याला टेंपर देणं म्हणतात. यावरून पप्पांनी एक वाक्य करून ठेवलं होतं आणि प्रत्येक लग्नाबारशात ते सांगायचे: आमची कमल कडक होऊन आली, टेंपर द्यायचं तिच्या बापाकडून राहून गेलं. त्यावर आईचं उत्तरही ठरलेलं असायचं. ती म्हणायची, “भट्टी तुमच्याकडे होती ना? द्यायचं होतं.”

शिबिराला जा, असं तिला सगळेच सांगत होते. विहारातल्या महिला मंडळाच्या नंदामावशी तर कित्येक वर्षं मागे लागल्या होत्या. त्या आईच्या मैत्रीण, एकाच गल्लीत दोघी लग्न होऊन आलेल्या, आणि आईने ज्यांच्याशी अबोला धरला नाही अशा बहुधा एकट्याच. कमलताई, तुम्ही एकदा फक्त बसून बघा, त्या म्हणायच्या. आई म्हणायची, तोंड बंद ठेवून? मी? पण त्या वर्षी तिचं बीपी वाढलं होतं, डोकंही दुखायचं. चिडतेस म्हणून दुखतं, असं आम्ही म्हणायचो आणि तीही तसंच म्हणायची. शेवटी मावशींनी तिला न विचारता नाव घातलं आणि ती दोन दिवस आरडाओरडा करून तयार झाली.

रविवारी सकाळी रिक्षात बसेपर्यंत तिच्या सूचना चालू होत्या. दही वेगळं, विरजण वेगळं. पप्पांची गोळी जेवणाआधी. रिक्षा वळली तरी तिचा हात बाहेर होता, आणि तो टाटा करत नव्हता, वर बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीकडे बोट दाखवत होता.

ती परत आली तेव्हा शांत होती.

शिबिरात सगळेच गप्प असतात. कुणी कुणाकडे बघायचंसुद्धा नाही असा तिथला नियम. त्यामुळे तिथे हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. घरी आल्यावर ती हात-पाय धुऊन खुर्चीत बसली. कसं होतं, असं पप्पांनी विचारलं, तर म्हणाली, बरं होतं. ओट्यावर मी विरजण आणि दही एकाच भांड्यात करून ठेवलं होतं. ते तिने बघितलं आणि काही न बोलता बाजूला सरकवलं. पप्पांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

पुढच्या आठवड्यात गॅसवाला पुन्हा आला. तो दारापासून दोन पावलं मागेच थांबला होता. आईने सही केली आणि सिलिंडर आत घेतला. तो जाताना मला हळूच म्हणाला, “मॅडम की तबीयत ठीक है ना?” त्यावर पप्पा आणि मी खूप हसलो. ही गोष्ट पप्पांनी विहारात सांगितली, तिथेही लोक हसले. आता मला वाटतं, सगळ्या विक्रोळीत तो प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

हळूहळू ती बाल्कनीत बसू लागली. सकाळचं ऊन अंगावर घेऊन, हात मांडीवर, समोरच्या इमारतीकडे बघत. दूध उतू गेलं तर ते उतू जाताना बघायची. एकदा आमटीला फोडणीच दिली नाही. डाळ शिजवून, मीठ घालून ताटात वाढली. पप्पांनी पहिला घास घेतला, थांबले, मग मुकाट्याने जेवले. नंतर मला म्हणाले की शिबिरात साधं खातात, तिला आता तेच गोड लागत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी लोणचं आणलं.

नंदामावशी तर आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. विपश्यनेत समता हा मोठा शब्द. सुख येवो, दुःख येवो, मन हलता कामा नये. मावशी म्हणायच्या की लोकांना दहा-दहा शिबिरं करून समता येत नाही आणि कमलताईंना पहिल्याच शिबिरात आली. पौर्णिमेला त्यांनी आईला विहारात पुढे बसवलं आणि नव्या सुनांना सांगितलं, हिला विचारा. एकीने विचारलं, काकू, राग आला की तुम्ही काय करता? आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “येत नाही.” टाळ्या झाल्या.

मी तिथे होते. मीही टाळ्या वाजवल्या. खरं तर ते दोन महिने आमच्या घरात फार सुखाचे गेले. माणिककाका चहाला येऊन गेले. पप्पा सोफ्यावर पाय ताणून क्रिकेट बघत. जेवताना कुणी कुणावर तावातावाने बोलत नव्हतं. फक्त कधी कधी संध्याकाळी मी कुलूप उघडून आत यायचे, आई समोर बसलेली असायची, आणि तरीही घरात कुणी नाही असं वाटायचं. मी त्याला काही नाव दिलं नाही. शांततेची आपल्याला सवय नाही, एवढंच मनाशी म्हटलं.

मग एका दुपारी ती बाल्कनीत बसली असताना तिच्या खुर्चीखाली ओलं झालं आणि ती उठली नाही. पप्पा घरी होते, मी स्टुडिओत गेले होते. त्यांनी मला फोन केला, पण काय झालं ते त्यांना फोनवर बोलता येईना. मी पोचले तेव्हा त्यांनी तिला धुऊन, साडी बदलून पलंगावर निजवलं होतं. ते बाथरूममध्ये ती पहिली साडी धूत होते. आई छताकडे बघत होती. लाजल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होते, पप्पांना काका म्हणत होते. फिल्म लावायच्या आधी त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, उलट्या, चक्कर, नजर. मग विचारलं, “स्वभावात काही बदल जाणवला का गेल्या काही महिन्यांत?”

“हो तर,” पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. “फार तापट होती हो. आता एकदम शांत झालीय. शिबिर केलं ना विपश्यनेचं, तेव्हापासून.”

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली. माणूस पुढे काय सांगणार हे कधी कधी खुर्चीच्या आवाजावरूनच कळतं.

गाठ कपाळामागे होती आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरली होती. कपाळामागचा भाग गेला की माणसाला काही करावंसं वाटत नाही, ते सांगत होते, राग येत नाही, लाज वाटत नाही, आणि घरच्यांना वाटतं माणूस निवांत झाला. काढता येण्यासारखी ती नव्हती. पप्पांनी विचारलं, शिबिरामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, नाही काका, त्याचा काही संबंध नाही. त्या घरी असत्या तरी हेच झालं असतं. पप्पांनी विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टरांनी फिल्मकडे पाहिलं आणि म्हणाले की या जातीची गाठ फार वेगाने वाढते, आधी आणलं असतं तरी थोडाच फरक पडला असता. किती थोडा, ते मी विचारलं नाही. पप्पांनीही नाही.

खाली उतरताना पप्पा कठड्याला धरून थांबले. एवढंच म्हणाले, “म्हणजे ती डाळ...” आणि पुढे चालू लागले.

त्या दिवसापासून मी आईला चिडवायला लागले. म्हणजे अक्षरशः, तिला राग यावा म्हणून. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. औषधं डॉक्टर देत होते, भात मऊ करून पप्पा भरवत होते. मला एकच गोष्ट हवी होती. तिने एकदा माझ्यावर ओरडावं, म्हणजे ती आत आहे हे मला कळेल. मी ओला टॉवेल तिच्या उशाशी टाकला. चप्पल घालून स्वयंपाकघरात फिरले. तिचे मसाल्याचे डबे उलटसुलट लावले. नोकरी सोडतेय असं सांगितलं. मग, दागिने मोडून फिरायला जाणार आहे असंही. एकदा तिच्या कानाशी बसून म्हटलं की पुरणपोळी नंदामावशींचीच चांगली, तुझी नेहमी जाड होते. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी वाट बघत राहिले. तिने माझ्या गालाला लागलेलं काहीतरी बोटाने पुसलं आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागली.

मग तिला हॉस्पिटलात ठेवलं आणि गाठीभोवतीची सूज कमी व्हावी म्हणून इंजेक्शनं सुरू केली. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

“दर्शे,” ती म्हणाली, “डोक्याला तेल नाही, केस भिकारणीसारखे. अशी ट्रेनने आलीस?”

मी म्हटलं, बसने आले.

“बसमध्ये बायका नसतात? आणि हे कोण?” शेजारच्या खाटेजवळ आपला डबा सोडून बसलेल्या आयाकडे तिने मान वळवली. “बाई, मघापासून मी पाणी मागतेय. तुझी भाजी काय उडून जाणार आहे?”

आया उठून बडबडत पाणी आणायला गेली. पप्पा दारात थर्मास घेऊन उभे होते. त्यांना बघताच आई म्हणाली, “तुम्ही काय बघताय? चहा थंड करून आणलात ना, दरवेळेसारखा?”

पप्पांनी थर्मास माझ्या हातात दिला आणि ते बाहेर गेले. थोड्या वेळाने मी त्यांना शोधायला गेले तर ते कॉरिडॉरच्या टोकाला फोनवर होते. एकामागून एक सगळ्यांना फोन लावत होते. फलटणला तिच्या भावाला, नंदामावशींना, माणिककाकांनासुद्धा. “बोलली,” ते सांगत होते. “शिवी घातली मला. हो, खरंच. अरे, सगळ्यांसमोर.” त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. येणारे-जाणारे त्यांच्याकडे वळून बघत होते.

दुपारी मावशी आल्या. आईने त्यांना नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, “कुठे नेऊन बसवलंस गं मला, नंदे. गुडघे गेले माझे.” मावशी आधी हसल्या, मग तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

त्याच्या पुढच्या दिवशीही ती थोडी चिडली, उशीवर, पंख्यावर. मग कमी. डॉक्टर म्हणाले की औषधाने एवढंच होतं, सूज ओसरते, गाठ नाही. वाढवून देता येणार नाही का, मी विचारलं. ते म्हणाले, त्याचेही त्रास असतात, आणि उपयोग फार दिवस टिकत नाही. त्यानंतर तिने डोळे उघडले तरी त्यात कुणाबद्दल तक्रार नसायची. सिस्टर म्हणायची, किती गुणी पेशंट आहेत तुमच्या आई.

त्या सुमारास एकदा पप्पा तिचा हात हातात घेऊन बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ग्राइंडरवर हत्यार जास्त वेळ धरलं ना, की तापतं. निळं पडतं. त्याचा टेंपर जातो.” त्यांनी तिची चादर सारखी केली. “निळं घासून काढलं की दिसायला तसंच असतं,” ते म्हणाले. “पण मग ते कशालाच लागत नाही.”

पुन्हा भट्टीत घालून ते नीट करता येतं का, असं मला विचारायचं होतं. त्यांनी ते ओळखलं असावं. हत्यार असतं तर येतं, म्हणाले.

इंग्रजीत टेंपर हरवला म्हणजे माणूस चिडला. मी हे वाक्य किती वेळा मराठीत केलं असेल. त्या खाटेजवळ बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की हा शब्द त्यांच्याकडे उलटा पडलाय. मग वाटलं, काय करायचंय आता शब्दांचं. कामाच्या फाइली पडून होत्या, त्या मी दुसऱ्या मुलीला दिल्या.

शेवटी तिला ताप भरला. आयुष्यभर तिच्या कपाळाला हात लावला की ते गरमच लागायचं, पप्पा त्यावरूनही विनोद करायचे. तो ताप उतरला तेव्हा सकाळ होती आणि ती गेली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारामागच्या हॉलमध्ये ठरला. आमच्यात त्या दिवशी वंदना होते, जलदान होतं, आणि मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. बॅनर करून घेण्याचं काम माणिककाकांनी आपणहून अंगावर घेतलं. मजकूरही त्यांनीच लिहिला आणि मोबाइलवर पाठवला: कालकथित कमल राजाराम, शांत, संयमी, मितभाषी. पप्पांनी तो माझ्यापुढे धरला. मितभाषी, मी म्हटलं. पप्पा म्हणाले, राहू दे गं, त्याने मनापासून केलंय.

आदल्या दिवशी नंदामावशी घरी आल्या. पप्पा बाजारात गेले होते. मावशी स्वयंपाकघरात आईच्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, “दर्शना, खरं सांग. मी तिला नेलं म्हणून तर नाही ना?”

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी ऐकलं, मान हलवली. पण त्यांना ते पुरलं नाही हे दिसत होतं. म्हणाल्या, “पण मला वाटतं, थोडी तरी समता आली असेल ना गं तिला? सगळंच काही गाठीमुळे नसेल.” मी त्यांना चहा दिला. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या आणि माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं तर त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं. मी म्हटलं, असेल, मावशी. त्या उठताना माझ्या खांद्यावर बराच वेळ हात ठेवून होत्या.

हॉल भरला होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या, खाली आईचा फोटो. फोटोत ती हसत नाही. फोटोग्राफरने मान वाकडी करायला सांगितली म्हणून तिला राग आलेला आहे. वर बॅनर. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, जलदान झालं. मग लोक बोलायला उठू लागले. माणिककाका बोलले. कमलताईंनी शेवटी शेवटी सगळ्यांना जिंकून घेतलं, म्हणाले. मंडळातल्या एक बाई बोलल्या. ज्या सुनेने राग आला की काय करता असं विचारलं होतं, ती बोलली, आणि ‘येत नाही’ हे उत्तर तिने जसंच्या तसं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. ते सगळे आईबद्दल चांगलं बोलत होते आणि त्यातली बाई मला ओळखू येत नव्हती. आणखी दहा माणसं अशी बोलली की हीच उरेल, असं मला वाटायला लागलं. पप्पा माझ्या शेजारी मान खाली घालून, हात जोडून बसले होते, आणि कुणाचंही बोलणं संपलं की मान हलवत होते.

नंदामावशी शेवटी उठल्या. त्यांनी माइक हातात घेतला. त्या म्हणाल्या की माझी कमल अंगाराची होती, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, पण धम्माने तिचं पाणी केलं. जाताना तिच्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं. असं मरण आपल्याला सगळ्यांना येवो. साधू, साधू, लोक म्हणाले. मावशींचे डोळे हॉलभर कुणाला तरी शोधत होते, आणि ते माझ्यावर येऊन थांबले.

बौद्धाचार्यांनी विचारलं, कुटुंबातर्फे कुणी बोलणार का. पप्पांनी नको म्हणून हात केला. मी उठले. पप्पांनी माझी ओढणी हलकेच धरली आणि मग सोडली.

माइक मावशींच्याच हातात होता. मी तो घेतला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरून ठेवला. मी कधी माणसांसमोर बोललेले नाही. इतरांचं बोलणं लिहिते, तेही दोन ओळींत बसेल एवढंच.

“मावशींनी आईला नेलं ते प्रेमाने नेलं,” मी म्हटलं. “त्यांचं काहीही चुकलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला तसं सांगितलंय आणि ते खरं आहे. पण आई शांत झाली नव्हती. ती आजारी होती. आम्हाला कळलं नाही, कळण्यासारखं नव्हतं.”

मावशींचा हात माझ्या हातात घट्ट झाला. तो त्या काढून घेतील असं मला वाटलं होतं.

“मी पाचवीत होते,” मी म्हटलं. “वर्गात सरांनी फी माफ असलेल्या मुलांना उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, बघा, हे सरकारचे जावई. घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही. आईला शेजारच्या मुलीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ती पिठाच्या हातांनी वर्गात आली. आधी आम्हाला सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मग सरांना म्हणाली, आता तुम्ही उभे राहा, तास संपेपर्यंत, आणि मी इथे बसून बघते. आणि ती माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसली. सर उभे राहिले. सगळा तास. ती रागाने थरथरत होती, सगळा बाक हलत होता. घरी जाताना तिने विचारलं, तुला लाज वाटली का गं माझी? मी काही बोलले नाही. नंतरही कधी बोलले नाही.”

पप्पा आता मान वर करून माझ्याकडे बघत होते. मी आईच्या फोटोकडे वळले. माइक तोंडापासून लांब गेला होता, पण हॉल इतका गप्प होता की त्याची गरज नव्हती.

“नाही वाटली,” मी म्हटलं. “आई, मला तुझी लाज नाही वाटली. तो बाक हलत होता ना, तेव्हा मला वाटलं, आता मला कुणी हात लावू शकत नाही. तू बरी होतीस तेव्हा चिडायचीस, आणि मला तू तशीच हवी होतीस.”